जेवणानंतरचा दीड तास खुर्चीला चिकटू नका

सकाळी तासभर चालूनही पुढचे आठ-नऊ तास बैठकच असेल, तर मधुमेहाचा धोका पुरता टळत नाही. बसल्यावर मांड्या-पोटऱ्यांचे मोठे स्नायू जवळपास निवांत असतात. रक्तातल्या साखरेला गिऱ्हाईकच उरत नाही.

१. फोनवर दर ३० मिनिटांनी वाजणारा टायमर लावा आणि फोन चार पावलं लांब ठेवा. हाताशी असला की गजर बंद होतो, माणूस उठत नाही.

२. उठलात की ३ ते ५ मिनिटं चाला. नुसतं उभं राहून फारसा फायदा होत नाही.

३. चालायला जागा नसेल तर टेबल धरून टाचा उचला: २ सेकंदांत वर, क्षणभर थांबा, २ सेकंदांत खाली, असं २० वेळा. टाचा झटक्यात आपटल्या तर पोटरीला कामच पडत नाही (आणि खालच्या मजल्यावरचे वैतागतात ते वेगळंच). मग हात न टेकता खुर्चीवरून १० वेळा उठा-बसा.

दिवसभर जमलं नाही तरी जेवणानंतरचे तीन गजर चुकवू नका. साखर सर्वांत चढते ती तेव्हाच.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा; हालचालीने साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. हात थरथरले, घाम फुटला तर लगेच बसा आणि साखर मोजा. ७० mg/dL च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा मोजा.