कार्बन कागदावरचा कोच

पहिल्याच आठवड्यात मी एका माणसाची दोन माणसं केली. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी जुन्या पत्रांची यादी करत होते, तीत एक नोंद टाकली, 'फॉग ॲलन, बास्केटबॉल प्रशिक्षक', आणि चार ओळी खाली दुसरी, 'डॉक, आडनाव अज्ञात, बहुधा संघाचा डॉक्टर'. तीन दिवस या डॉक्टरच्या नावावर पत्रं जमत गेली आणि मला त्याचं कौतुक वाटत राहिलं. सगळी पोरं लढाईवरून याला बरी आठवणीने लिहितात! शेवटी शेजारच्या टेबलावरची मुलगी माझ्या पडद्यात डोकावली आणि हसू दाबत म्हणाली, अगं, हे दोघं एकच.

फॉरेस्ट क्लेअर ॲलन, जन्म १८८५. तरुणपणी बेसबॉलच्या मैदानात पंचगिरी करताना फॉगहॉर्नसारखा, म्हणजे धुक्यातल्या जहाजी भोंग्यासारखा, आवाज काढायचे, म्हणून फॉग. पुढे ऑस्टिओपॅथी, म्हणजे हाडं-सांधे हाताने बसवायची विद्या शिकले, म्हणून खेळाडूंचे डॉक. कॅन्सस विद्यापीठाच्या संघाचे ते एकूण ३९ हंगाम कोच होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांचे आजी-माजी खेळाडू जगभर पांगले, तेव्हा हा माणूस लॉरेन्स नावाच्या छोट्या गावात बसून त्यांना पत्रं लिहीत राहिला.

मी मूळची अमरावतीची. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली, जिल्ह्यापर्यंत बास्केटबॉल खेळले, गुडघा गेला आणि खेळाचा इतिहास वाचायला लागले. कॅन्ससला म्युझियम स्टडीजला प्रवेश घेताना डोक्यात एकच गोष्ट होती: १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा पदकांचा खेळ झाला, त्यासाठी याच ॲलननी जंग जंग पछाडलं होतं. आणि त्याच बर्लिनला आमच्या गावच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं कबड्डी आणि देशी व्यायाम दाखवायला गेली होती. एवढ्याशा धाग्यावर मी सातासमुद्रापार गेले. हा धागा माझ्या प्रबंधात कुठेही आला नाही, पण जायला निमित्त लागतंच.

आता मुद्द्याचं. जुन्या पत्रव्यवहारावर काम करायचं ठरवणाऱ्या नव्या मुलामुलींसाठी हे लिहितेय, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

पहिली गोष्ट, युद्धकथा शोधत बसू नका. मी पहिला महिना तोच घोळ घातला. सैनिकाचं पत्र उघडलं की डोळे तोफा, विमानं, बेटं हुडकायचे. हाती काही लागत नव्हतं, आणि लागणारही नव्हतं. साध्या शिपायाचं पत्र त्याच्याच तुकडीतला अधिकारी वाचायचा, आणि कुठे आहोत, किती आहोत, कुठे निघालो असलं काही आढळलं की तेवढा तुकडा कापून टाकायचा. अधिकारी स्वतःच्या पाकिटावर स्वतः सही करायचा, म्हणजे काही गैर लिहिलं नसल्याची हमी द्यायचा, तरी वरच्या तपासनीसाची टांगती तलवार असायचीच. मग पत्रात उरतं काय? हवा, जेवण, घरची ओढ, मैदानाच्या आठवणी, आणि 'अमका कुठे आहे, तमक्याचा पत्ता पाठवा'.

हा शेवटचा प्रश्न मी आधी ओलांडून पुढे जात होते. खरं पत्रव्यवहाराचं सगळं मर्म त्यातच आहे. पोराला स्वतःचा ठावठिकाणा सांगायची मुभा नाही, पण त्याला एक टपाल क्रमांक मिळालेला असतो, एपीओ, म्हणजे लष्करी टपाल कचेरी, नंबर अमुक, मार्फत न्यूयॉर्क किंवा सॅन फ्रान्सिस्को. न्यूयॉर्क असेल तर बहुधा युरोपाकडे, सॅन फ्रान्सिस्को असेल तर पॅसिफिक. एवढाच अंदाज. दोन जुने सोबती शेजारच्या बेटांवर असले तरी त्यांना एकमेकांचा पत्ता लागणार कसा? दोघांचे क्रमांक माहीत असलेला माणूस लागतो. तो माणूस लॉरेन्समध्ये होता. शिवाय एकेकाला लिहिणं पुरेना म्हणून ॲलननी 'जेहॉक रिबाउंड्स' नावाचं वार्तापत्रच काढलं. जेहॉक हे कॅन्ससच्या खेळाडूंचं पक्षी-बोधचिन्ह, आणि रिबाउंड म्हणजे कड्यावर आपटून परत येणारा चेंडू. कोण कुठे, कुणाचं काय, असा मजकूर.

माझ्या यादीत त्यानंतर मी एक रकाना वाढवला, 'पत्ता', आणि त्याला पहिल्या क्रमांकावर नेलं. त्या एका रकान्याने मला जे दाखवलं ते आधीच्या महिनाभराच्या वाचनाने दाखवलं नव्हतं. प्रशिक्षण छावणी, मग किनाऱ्यावरचं बंदर, मग नुसता क्रमांक, मग वेगळा क्रमांक, मग रुग्णालय, मग घर. कधी त्या क्रमांकानंतर काहीच नाही.

दुसरी गोष्ट कार्बनची. साधारणपणे माणसाच्या दफ्तरात त्याला आलेली पत्रं सापडतात, त्याने लिहिलेली सापडत नाहीत, ती ज्याला पाठवली त्याच्याकडे गेलेली असतात. कचेरीतून टाइप होऊन गेलेल्या पत्राची मात्र मागे कार्बन कागदाने उमटलेली एक प्रत राहते, कांद्याच्या सालीसारख्या पातळ कागदावर, अक्षरांच्या कडा जांभळट-निळ्या पसरलेल्या. हा कागद बोटात धरला की वाजतो, आणि दोन एकदम उचलले जातात. त्यामुळे इथे संभाषणाच्या दोन्ही बाजू वाचता येतात. आलेलं पत्र आणि त्याचं उत्तर शेजारी लावा, मगच वाचा. नुसती पोरांची पत्रं वाचली तर कोच देव वाटतो, नुसती कोचची वाचली तर उपदेशाचा कंटाळा येतो. आणि त्या काळच्या टाइप केलेल्या पत्रात तळाशी डाव्या कोपऱ्यात आद्याक्षरं असतात, आधी सांगणाऱ्याची, मग टाइप करणाऱ्याची. ती टिपून ठेवा. कोचचा जनसंपर्क म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो त्याचा अर्धा घाम त्या दुसऱ्या आद्याक्षरांचा असतो.

तारखांनी मला सगळ्यात जास्त छळलं. अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणजे ७/४/४४ म्हणजे ४ जुलै. पण लष्करात तारीख आधी, मग महिना. आता लष्करात गेलेल्या अमेरिकन पोराने नुसते आकडे लिहिले असतील तर तो कुठल्या सवयीने लिहितोय? मी एका अख्ख्या फाइलीच्या नोंदी उलट्या केल्या आणि उत्तर प्रश्नाच्या तीन महिने आधी पोचलेलं पाहून चक्रावले. तेव्हापासून माझ्या यादीत तीन रकाने आहेत: पत्रावरची तारीख जशीच्या तशी, पाकिटावरच्या शिक्क्याची तारीख, आणि माझा अंदाज, तोही कंसात. पाकीट फेकलेलं असेल तर मधला रकाना रिकामा ठेवायचा. रिकामा ठेवायला शिकणं हे या धंद्यातलं अर्धं शिक्षण आहे.

त्या पत्रांत कधी तळहाताएवढं, फोटोच्या कागदावर छापल्यासारखं पत्र दिसलं तर दचकू नका. ते व्ही-मेल. जून १९४२ पासून सैनिकांची पत्रं मायक्रोफिल्मवर टिपायची, ती फिल्म पाठवायची आणि पलीकडे पुन्हा कागदावर उतरवायची अशी सोय झाली. दीड लाख पत्रांना जिथे ३७ पोती लागत तिथे एक पोतं पुरायला लागलं, ११०० किलोंवरचं ओझं २० किलोंवर आलं. जहाजातली ती जागा दारूगोळ्याला मिळाली. वाचणाऱ्याच्या डोळ्यांचं मात्र वाटोळं. भिंग जवळ ठेवा. मी पुण्यात असताना हौसेने मोडीचा वर्ग केला होता, त्याचा इथे अनपेक्षित उपयोग झाला. जोडून लिहिलेलं अक्षर सुटं करून वाचायचं नसतं, हाताच्या वळणासकट उचलायचं असतं, हे मोडीने शिकवलं होतं.

वाचनालयातले नियम थोडक्यात. पेन बाहेर, फक्त पेन्सिल. एका वेळी एकच फाइल. कागदाला हातमोजे लागत नाहीत, स्वच्छ कोरडे हात हवेत, फोटोंना मोजे. गंजलेली टाचणी दिसली तर स्वतः काढायची नाही, काउंटरवर सांगायचं. आणि कागदांचा क्रम 'नीट' करायचा मोह आवरायचा. त्या कचेरीने ज्या क्रमाने फाइल लावली तो क्रमसुद्धा पुरावा असतो.

स्पेन्सर ग्रंथालयात ही कागदपत्रं आहेत. तिथल्या उत्तरेकडच्या दालनाला मोठ्या काचा आहेत आणि खाली उतारावर एक उंच दगडी घंटाघर दिसतं. जाता-येता मला ते शोभेचं वाटायचं. १९५१ मध्ये ते उभं राहिलं, युद्धात गेलेल्या विद्यार्थी-प्राध्यापकांच्या स्मरणार्थ, नावं आत कोरलेली आहेत. माझ्या 'पत्ता' रकान्यातलं एक नाव टी. पी. हंटर, ॲलनचा खेळाडू, मरीन दलात गेलेला, जुलै १९४४ मध्ये ग्वाम बेटावर मारला गेला. तो रकाना भरून झाल्यावर एका दुपारी मी घंटाघरात गेले आणि नावं वाचली. त्याच जुलैत इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीचे यशवंत घाडगे पडले, व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी, आपल्या रायगडातले, माणगावात त्यांचा पुतळा आहे. आपल्याकडच्या अशा पोरांच्या पत्रांचं काय झालं हा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधून हिंदी सैनिकांनी लिहिलेल्या पत्रांचे उतारे लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत, पण ते इंग्रजीत, कारण ते सरकारी तपासनीसाने भाषांतर करून ठेवले म्हणून उरले. आपला आवाज आपल्या पाळतीवरच्या माणसाने जपला! लॉरेन्सची पोरं त्या मानाने नशीबवान.

अर्थात सगळी नाही, आणि हे मला फार उशिरा सुचलं. पत्रांतून विणलेल्या या गोतावळ्याच्या मी पार प्रेमात पडले होते. मग एकीने विचारलं, यात काळा खेळाडू किती? एकही नाही. असणार कसा, त्या वर्षांत कॅन्ससच्या संघात त्यांना जागाच नव्हती. पहिला काळा खेळाडू, लव्हॅनीज स्क्वायर्स, १९५१ च्या सुमाराला आला. जॉन मॅक्लेंडन याच विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकले, प्रत्यक्ष बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ त्यांचे मार्गदर्शक, पण संघाकडून खेळायची सोय नव्हती. ते पुढे उत्तर कॅरोलायनात काळ्यांच्या कॉलेजात कोच झाले. मार्च १९४४ मध्ये डरॅम शहरात त्यांच्या संघाने ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेच्या गोऱ्या संघाशी बंद दाराआड सामना खेळला आणि धुव्वा उडवला. काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवणाऱ्या कायद्याच्या भीतीने प्रेक्षक नाहीत, पत्रकार नाही. तेही युद्धाचंच वर्ष, तोही कॉलेज कोचच. म्हणून सांगते, पत्रांची यादी पुरी झाली की शेजारी दुसरी यादी करा, या यादीत कोण असायला हवं होतं आणि नाही. माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्यातून आलं, आणि परीक्षकांनी फक्त त्यावरच प्रश्न विचारले.

पैशापाण्याचं विचाराल तर, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासच काम करता येतं. ग्रंथालयाची विद्यार्थी-सहायकाची नोकरी मिळाली तर सोडू नका, भांडी विसळण्यापेक्षा बरी आणि शिकायला मिळतं. ग्रंथालयशास्त्राचीच पदवी हवी असेल तर कॅन्ससमध्ये त्यासाठी एम्पोरियाला जावं लागतं, लॉरेन्सला नाही. हे मी तिथे पोचल्यावर कळून घेतलं. आणि परदेशी जायलाच हवं असंही नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची अभिलेखशास्त्राची एक वर्षाची पदविका आहे. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार आहे, पुण्याचं पेशवे दफ्तर आहे. ॲलनची बरीचशी पत्रं तर आता स्कॅन होऊन घरबसल्या वाचता येतात. सरावाला तीच घ्या.

मागच्या दिवाळीत घरी गेले तेव्हा आमच्या कॉलेजच्या जुन्या सरांना भेटले. निवृत्त झालेत, कमरेत वाकलेत. म्हणाले, "काय व, कागदंच चिवडत बसते का तिकडे? बॉल हातात घेते का नाही?" मी त्यांना ॲलनचं सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, आत गेले आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात आंतरदेशीय पत्रं. १९९९ ची. सरांची तीन-चार पोरं तेव्हा फौजेत होती, कारगिलच्या दिवसांत. पाठवणाऱ्याच्या जागी नाव, नंबर, आणि खाली 'मार्फत ५६ एपीओ'. गावाचं नाव नाही, मजकुरात डोंगराचं नाव नाही. एकाने विचारलं होतं, सर, प्रशांत कोणत्या युनिटात आहे, पत्ता असेल तर कळवा.

"मग कळवलात का?"

"कळवला ना. तीन पोस्टात हिंडून आणला होता."

"तुमच्या उत्तराची प्रत?"

"प्रत कायची ठेवतो व? पत्र होतं ते, सर्टिफिकेट का?"

काय लिहिलं होतं ते आठवतं का, असं विचारलं. सरांनी बराच वेळ डब्याच्या झाकणावर बोटं वाजवली. "तेच. जेवत जा. गुडघ्याले पट्टी बांधत जा. इकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेत आपण उपांत्य फेरीत हरलो."

मी वहीत रकाने आखले. पहिला, पत्ता.