केगमध्ये बिअरला गॅस भरताना या चुका टाळा

घरी आंबवलेल्या बिअरमध्ये सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड भरण्याचे तंत्र वरवर पाहता सोपे आहे: केगला, म्हणजे बिअरच्या बंद धातूच्या पिंपाला, नळी जोडायची, रेग्युलेटरचा स्क्रू फिरवायचा आणि थांबायचे. तरीही पहिल्या ग्लासात निम्मा फेस येतो किंवा बिअर सपक लागते, आणि मग बहुतेक जण पुन्हा रेग्युलेटरकडेच हात नेतात. मूळ चूक हीच आहे. द्रवात किती वायू विरघळेल हे दाब आणि तापमान हे दोन्ही मिळून ठरवतात, त्यामुळे तापमान न सांगता ‘१२ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच, दाबाचे एकक) ठेवा’ असा सल्ला देण्यात फारसा अर्थ नसतो. बिअर ४ अंश सेल्सिअसला असेल तर १२ पीएसआयवर तिच्यात सुमारे २.५ व्हॉल्यूम, म्हणजे एका लिटरमागे अडीच लिटर वायू विरघळतो, आणि बहुतेक ‘एल’ (उबदार तापमानात आंबवलेल्या) प्रकारच्या बिअरना तेवढा पुरतो. पण तोच केग २० अंशांच्या खोलीत ठेवला, तर त्याच दाबावर दीड व्हॉल्यूमच्या आसपासच वायू विरघळतो.

म्हणून आधी बिअर थंड करावी. १९ लिटरचा केग फ्रीजमध्ये पूर्ण गार व्हायला साधारण एक दिवस लागतो, आणि फ्रीजमधल्या हवेचे तापमान म्हणजे बिअरचे तापमान नव्हे. थर्मामीटर पाण्याच्या ग्लासात बुडवून तो ग्लास केगशेजारी ठेवल्यास आकडा अधिक विश्वासार्ह मिळतो.

दुसरी चूक घाईची आहे. बिअर ग्लासात वाढताना जो दाब ठेवायचा, त्याच दाबावर केग एक ते दोन आठवडे जोडून ठेवणे ही सर्वांत संथ, पण बिघडवायला सर्वांत अवघड पद्धत आहे, कारण समतोल साधला की वायू आपोआप विरघळायचा थांबतो. ज्यांना तेवढा धीर नसतो ते ३० पीएसआयवर दीड दिवस ठेवतात आणि मग दाब उतरवतात. हे चालते, मात्र दाब उतरवायला विसरल्यास गार बिअर ४ व्हॉल्यूमच्याही पुढे जाऊ शकते. वायू लवकर विरघळावा म्हणून ३० पीएसआयवर केग जोरजोरात हलवणे तर निव्वळ अंदाजाचा खेळ आहे. हलवायचेच असेल तर गार बिअर १२ पीएसआयवरच हलवावी: रेग्युलेटरमधून वायू जाण्याचा आवाज थांबला की काम झाले, आणि प्रमाणाबाहेर वायू जाण्याची भीती राहत नाही. हलवताना केग रेग्युलेटरपेक्षा खाली ठेवावा आणि नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारी झडप) असावा, नाहीतर बिअर उलटी रेग्युलेटरमध्ये शिरते. अशा घाईच्या पद्धतींनंतर बिअर जिभेला काहीशी टोचरी लागते. ती बिघडली असे न समजता एक-दोन दिवस गार राहू द्यावी.

गळती मात्र खरा पैसा खाते. एक केग भरून तो पूर्ण वाढून होईपर्यंत साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम वायू लागतो, म्हणजे सव्वादोन किलोचा सिलिंडर दोन केगमध्ये संपला तर दोष गळतीचाच समजावा. झाकणाची रबरी रिंग कमी दाबावर नीट बसत नाही, म्हणून सुरुवातीला ३० पीएसआयचा एक झटका देऊन झाकण बसवावे, त्यानंतर सेफ्टी व्हॉल्व्ह तीन-चारदा उघडून आतली हवा घालवावी आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. सिलिंडरच्या मोठ्या दाबमापकावर विसंबू नये: आत द्रवरूप वायू शिल्लक असेपर्यंत काटा जवळपास जागचा हलत नाही. सिलिंडर वजन करूनच पाहावा आणि तो नेहमी उभा ठेवावा. बंद लहान खोलीत मोठी गळती झाली तर ती जिवावरही बेतू शकते.

आता फेसाकडे. फेस येतो तेव्हा दोष पुष्कळदा कार्बोनेशनचा (बिअरमध्ये वायू विरघळवण्याचा) नसून नळीचा असतो. सुमारे ५ मिलिमीटर आतील व्यासाची नळी १२ पीएसआयसाठी साधारण ३ मीटर लांब हवी; ती हातभर असेल तर बिअर उसळूनच बाहेर येते. फक्त पहिलाच ग्लास फेसाळत असेल, तर फ्रीजबाहेरचा नळ उबदार राहिला आहे असे समजावे. अशा वेळी दाब कमी करणारे स्वतःचेच नुकसान करून घेतात: फेस आटोक्यात आल्यासारखा वाटतो, पण समतोल खाली सरकल्यामुळे उरलेली बिअर काही दिवसांत सपक होते.

महाराष्ट्रातील वाचकांना एक सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेत घरगुती वापरासाठी बिअर बनवण्यावरील केंद्रीय बंदी १९७८ मध्ये संमत झालेल्या कायद्याने उठली. इथे मात्र परवान्याशिवाय मद्य बनवणे हा गुन्हा आहे.

वायू खरोखरच जास्त झाला असेल, तर गॅसची नळी काढून घ्यावी, दर काही तासांनी सेफ्टी व्हॉल्व्ह हळूच ओढून वरचा दाब सोडावा आणि मध्येमध्ये अर्धा ग्लास काढून चव पाहावी. बिअर मनासारखी झाली की नळी पुन्हा १२ पीएसआयवर जोडावी.