जुन्या गाडीला फ्युएल इंजेक्शन लावायचं का? आधी हे तपासा

आमच्याकडे बाबांची 1980 ची प्रीमियर पद्मिनी आहे, 1089 सीसी, आणि मे महिन्यात महेश्वरहून इंदूरला परत येताना भेरू घाटात ती एकदा तरी बंद पडायचीच. जो तो सांगायचा, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा जुना भाग) काढून टाक, इंजेक्शन (तेच काम सेन्सर आणि कॉम्प्युटरने, पेट्रोल फवारून करणारी यंत्रणा) बसव. मी किटसुद्धा बघून ठेवलं होतं, पण आता वाटतं बरं झालं थांबलो, कारण दुखणं कार्बोरेटरचं नव्हतंच.

म्हणून पहिलं काम, गाडीला नक्की काय होतंय ते शोधा. घाटात बंद पडते आणि अर्ध्या तासाने काहीच न करता चालू होते, तर बहुतेक पेट्रोलची वाफ होतेय, कारण जुना पंप इंजिनलाच बसवलेला असतो आणि तो तापतो. पंपावर ओलं फडकं ठेवा, गाडी लगेच चालू झाली तर तेच समजा. मग पाइप एक्झॉस्टपासून लांब घ्या किंवा टाकीजवळ कमी प्रेशरचा इलेक्ट्रिक पंप लावा, पण कमी प्रेशरचाच हं, कार्बोरेटरला 0.2-0.3 बार पुरतं, जास्त दिलंत तर नीडल (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी सुई) दाब धरत नाही आणि पेट्रोल वरून वाहतं. आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) वरखाली होत असेल तर थ्रॉटलच्या स्पिंडलपाशी (कार्बोरेटरमधली हवेची झडप जिच्यावर फिरते ती दांडी) थोडा कार्ब क्लीनर मारा (इंजिन फार गरम असताना नको), आवाज बदलला म्हणजे तिथून हवा ओढतेय, त्या दांडीचा बुश बदलावा लागेल. ठिणगीचे पॉइंट, कंडेन्सर, टायमिंग पण बघून घ्या. आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासल्याशिवाय इंजेक्शनचा विचारच करू नका, पिस्टनच्या रिंगा गेलेल्या इंजिनला कुठलंही किट वाचवत नाही.

आता कागद. 2021 च्या नियमाप्रमाणे 50 वर्षांपेक्षा जुनी गाडी मूळ रूपात असेल तर व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए येतं, फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. पण चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल केलेला चालत नाही. आमची 2030 ला पन्नाशीची होईल आणि मला ती तशीच न्यायची आहे, त्यामुळे माझ्यासाठी प्रश्न इथेच मिटला. तुमची गाडी आधीच बरीच बदललेली असेल तर ही अडचण नाही, तरी आरटीओत विचारून घ्या.

एवढं होऊनही लावायचंच असेल तर फक्त किटची किंमत धरू नका, खरा खर्च बाकीच्या कामाचा असतो. इंजेक्शनला साधारण 3 बार प्रेशर लागतं म्हणजे जुन्याच्या दहापट, तर पाइप, क्लॅम्प, फिल्टर सगळं नवीन, बहुतेक किटना टाकीकडे परतीची लाइन पण लागते आणि टाकीत गंज असेल तर इंजेक्टर चोक होणारच. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरसाठी एक्झॉस्टवर वेल्डिंग आलं. डायनामोची गाडी असेल तर आधी अल्टरनेटर, कारण डायनामो आयडलला जवळपास काहीच चार्ज करत नाही आणि पंप, ईसीयू (इंजेक्शनचा कॉम्प्युटर) दोघांनाही सारखा करंट हवा.

फायदा आहे, नाही असं नाही. सकाळी पटकन स्टार्ट होते, आणि सध्याच्या ई20 (20 टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलवर कार्बोरेटरचं मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, ते सेन्सरवालं इंजेक्शन स्वतःच सांभाळून घेतं, कार्बला मोठा जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) टाकून जमवावं लागतं. (कार्ब असो की इंजेक्शन, रबरी होज बदलायचेच, इथेनॉल जुनं रबर खातं.) इंदूर 550 मीटरवर आहे त्यामुळे उंचीसाठी म्हणून इथे कोणाला इंजेक्शनची गरज नाही, लडाखला न्यायची असेल तर गोष्ट वेगळी.

माझं मत असं, रोज ऑफिसला नेणार असाल, इंजिन धडधाकट असेल आणि ईसीयू ट्यून करणारा माणूस गावातच असेल तर लावा. रविवारी राजवाड्यापर्यंत चक्कर मारायची असेल तर तेच पैसे कार्बोरेटरच्या ओव्हरहॉलला आणि टाकी साफ करायला घाला. आणि लावलंत तरी जुना कार्बोरेटर भंगारात देऊ नका, मॅनिफोल्ड (कार्बोरेटर ज्यावर बसतो तो पाइप) कापू नका, सगळं जेटसकट तेलाच्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा आणि डब्यावर गाडीचा नंबर लिहा.