ऑपअ‍ॅम्पचं सर्किट चालत नाही? आयसी बदलायच्या आधी या चुका बघा

ऑपअ‍ॅम्पचं सर्किट (म्हणजे दोन इनपुटमधला फरक प्रचंड पटीने वाढवणाऱ्या आयसीचं सर्किट) चाललं नाही की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "सर, आयसी खराब आहे". मग दुसरी ७४१ (लॅबमधली नेहमीची ऑपअ‍ॅम्प आयसी) लावतात, ती पण तशीच वागते, मग तिसरी, आणि प्रॅक्टिकल संपेपर्यंत टेबलावर चांगल्या आयसींचा ढीग आणि सर्किट होतं तिथेच. ७४१ ही १९६८ सालची आयसी आहे आणि जाम दणकट आहे, आउटपुट चुकून ग्राउंडला चिकटलं तरी ती स्वतःच करंट साधारण २५ मिलिअँपवर अडवते, त्यामुळे सहजासहजी मरत नाही. बहुतेक वेळा ती व्यवस्थित काम करत असते, आपण जशी जोडलीय तशी ती वागतेय, फक्त आपण जोडलंय काय ते आपल्याला माहीत नसतं.

म्हणून आधी मोजा, वायरी उपटू नका. मल्टिमीटरचा काळा प्रोब सर्किटच्या ग्राउंडला आणि लाल प्रोब थेट आयसीच्या पिनवर, ब्रेडबोर्डच्या पट्टीवर नाही, पिनवरच. क्रम असा: दोन्ही सप्लाय पिन, मग दोन्ही इनपुट, मग आउटपुट. सप्लाय बरोबर असेल तर पुढचा सगळा विचार दोन इनपुटमधल्या फरकावर करायचा. ७४१ चा ओपन लूप गेन (फीडबॅक नसताना, म्हणजे आउटपुटचा भाग परत इनपुटला न देता, तो फरक किती पट वाढतो ते) साधारण २ लाख असतो, म्हणजे इनपुटमध्ये १ मिलिव्होल्टचा फरक पडला तरी हिशोबाने आउटपुट २०० व्होल्ट व्हायला पाहिजे, ते होणं शक्य नाही, म्हणून ते वरच्या नाहीतर खालच्या टोकाला जाऊन बसतं.

आता तीन शक्यता उरतात. दोन्ही इनपुट जवळपास सारखे (काही मिलिव्होल्ट इकडेतिकडे) आणि आउटपुट मध्ये कुठेतरी असेल तर ऑपअ‍ॅम्प आणि फीडबॅक दोन्ही ठीक आहेत, गडबड रेझिस्टरच्या व्हॅल्यूत किंवा सिग्नल देणाऱ्या बाजूला आहे. इनपुटमध्ये मोठा फरक आहे आणि आउटपुट त्याच दिशेच्या टोकाला बसलंय, म्हणजे प्लस इनपुट वर आणि आउटपुट पण वर, तरी आयसी बरीच आहे, तिच्यापर्यंत फीडबॅक नीट पोचत नाहीये किंवा तुम्ही तिच्याकडे सप्लायच्या बाहेरचं व्होल्टेज मागताय. आणि प्लस इनपुट वर असून आउटपुट खाली बसलंय किंवा भलतीकडेच अडकलंय, तर मग आयसीवर संशय घ्यायचा, तोही पिन नंबर पुन्हा मोजून आणि आउटपुटला जोडलेला लोड काढून बघितल्यावरच.

एक सावधगिरी सांगतो, मायनस इनपुट पिन फार नाजूक जागा आहे, मल्टिमीटरची लांब वायर तिथे लावली की ती अँटेनासारखी हम गोळा करते आणि कधीकधी सर्किट ऑसिलेटच व्हायला लागतं, म्हणून प्रोबच्या टोकाला १० किलोओहमचा रेझिस्टर लावून मग त्या पिनला टेकवा. मीटरच्या १० मेगाओहमपुढे त्या १० किलोओहमने रीडिंगमध्ये काही फरक पडत नाही.

"पिन २ वर सिग्नलच येत नाही"

ही तक्रार (७४१ ची पिन २ म्हणजे मायनस इनपुट, ३ म्हणजे प्लस इनपुट, ६ म्हणजे आउटपुट) इन्व्हर्टिंग अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हमखास येते. फंक्शन जनरेटर लावला, इनपुट रेझिस्टरच्या अलीकडे छान साइन वेव्ह, पलीकडे पिन २ वर बघितलं तर सपाट रेघ, म्हणजे रेझिस्टर तुटला का? नाही, तिथे सपाट रेघच असायला पाहिजे! फीडबॅक पिन २ ला ग्राउंडच्या व्होल्टेजवर धरून ठेवतो, व्हर्च्युअल ग्राउंड म्हणून व्हायवाला जे पाठ करून सांगतो ते हेच. उलट पिन २ वर तुम्हाला मोठा सिग्नल दिसला तर घाबरा, तेव्हा फीडबॅक तुटलेला असतो नाहीतर आउटपुट टोकाला जाऊन क्लिप होत असतं.

आणि ते "दोन्ही इनपुट सारखे असतात" हे वाक्य फक्त निगेटिव्ह फीडबॅक असेल आणि आउटपुट टोकाला गेलेलं नसेल तेव्हाच खरं आहे. पुस्तकात ते नियम म्हणून चौकटीत छापतात आणि त्याची अट बाजूला बारीक अक्षरात राहते, मग मुलं कंपॅरेटरलाही (फीडबॅकशिवाय दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या सर्किटलाही) तोच नियम लावून गणितं सोडवतात आणि उत्तर का येत नाही म्हणून डोकं धरून बसतात.

प्लस मायनस उलटे लागले आणि सिम्युलेशन मात्र पास

याच्यावर जरा थांबू, कारण यात सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. २ आणि ३ या पिन उलट्या जोडल्या की निगेटिव्हचा पॉझिटिव्ह फीडबॅक होतो आणि आउटपुट एका टोकाला जाऊन चिकटतं, सिग्नल मोठा असेल तर या टोकावरून त्या टोकावर उड्या मारतं आणि चौकोनी वेव्ह दिसते. म्हणजे नकळत तुम्ही श्मिट ट्रिगर बनवलाय.

खरी गंमत सिम्युलेटरमध्ये होते. आयडियल ऑपअ‍ॅम्प घेऊन एसी अ‍ॅनालिसिस चालवलं तर उलट्या जोडलेल्या सर्किटचाही गेन सिम्युलेटर जवळजवळ बरोबरच दाखवतो. कारण साधं आहे, ए म्हणजे ओपन लूप गेन आणि बीटा म्हणजे आउटपुटचा जेवढा भाग परत इनपुटला येतो तो, बरोबर जोडणीत गेन येतो ए भागिले (१ अधिक ए बीटा), उलट्या जोडणीत ए भागिले (ए बीटा वजा १), आणि ए लाखात असला की तो १ अधिक असो की वजा, उत्तर तेच. सर्किट स्थिर आहे की नाही हे एसी अ‍ॅनालिसिस बघतच नाही. त्यामुळे "सिम्युलेशनमध्ये तर चालतंय" हा पुरावा धरू नका, ट्रान्झियंट (वेळेनुसार आउटपुट कसं बदलतं ते दाखवणारं) अ‍ॅनालिसिस चालवा, तेही आयडियल ब्लॉकवर नाही तर खऱ्या आयसीच्या मॉडेलवर, सप्लाय जोडून.

सप्लायच्या भानगडी

ड्युअल सप्लाय म्हणजे एका सप्लायचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला जोडायचा आणि तो जोड म्हणजे ग्राउंड. बरेच जण दोन्ही सप्लायचे मायनस एकत्र जोडून त्याला ग्राउंड म्हणतात, मग निगेटिव्ह व्होल्टेज येणार कुठून. हा मधला ग्राउंड, फंक्शन जनरेटरचा ग्राउंड आणि स्कोपचा (ऑसिलोस्कोपचा) ग्राउंड तिन्ही एकत्र हवेत. स्कोपचा क्लिप मात्र वाटेल तिथे लावू नका, तो आतून मेन्सच्या अर्थिंगला जोडलेला असतो, जिथे लावाल तो पॉइंट अर्थ होतो.

लांब ब्रेडबोर्डची सप्लाय पट्टी काही बोर्डांवर मध्येच तुटलेली असते, वरची रेघ पण तिथे खंडित छापलेली असते पण बघतो कोण. डाव्या अर्ध्या भागात सप्लाय दिला आणि आयसी उजव्या भागात, की झालं. बेंच सप्लायचा करंट लिमिट नॉब फार खाली असेल तरी आयसीवर पूर्ण व्होल्टेज येत नाही, सीसीचा (कॉन्स्टंट करंटचा) दिवा लागलाय का तेवढं बघा.

पिनचं पण लक्षात ठेवा. ७४१ ला ७ प्लस आणि ४ मायनस, ३५८ (एका आयसीत दोन ऑपअ‍ॅम्प) ला ८ प्लस आणि ४ ग्राउंड, आणि ३२४ (एका आयसीत चार ऑपअ‍ॅम्प) ला बरोबर उलटं, ४ प्लस आणि ११ ग्राउंड. "४ म्हणजे मायनस" असं हाताला बसलेलं असलं की ३२४ उलटी लागते आणि ती मात्र खरंच तापून मरते. ७४१ च्या पिन १ आणि ५ ऑफसेट नलच्या (इनपुट शून्य असताना आउटपुटवर उरणारं थोडं व्होल्टेज घालवण्याच्या) आहेत, त्यांच्या पॉटचा (फिरवायच्या रेझिस्टरचा) मधला पाय मायनस सप्लायला जातो, ग्राउंडला नाही. ऑफसेट नल करायचा नसेल तर त्या दोन्ही मोकळ्या सोडा.

आउटपुट सप्लायच्या टोकापर्यंत जातं हाही गैरसमज. ७४१ ला १५-१५ व्होल्ट दिले तर आउटपुट १३-१४ पर्यंत जातं, त्यामुळे ५ व्होल्टच्या सिंगल सप्लायवर ७४१ चालवायचा विचार सोडून द्या. ३५८ खाली ग्राउंडच्या अगदी जवळ जाते पण वर सप्लायच्या साधारण दीड व्होल्ट खालीच थांबते. याचं छान उदाहरण म्हणजे एलएम३५ टेम्परेचर सेन्सर, तो डिग्रीला १० मिलिव्होल्ट देतो, आपण ३५८ ने १० पट वाढवतो आणि सप्लाय ५ व्होल्ट. मग ३५ डिग्रीला आउटपुट साडेतीन व्होल्ट होतं आणि त्याच्यापुढे सेन्सर गरम केला तरी रीडिंग हलत नाही. दोष सेन्सरला, कोडला, एडीसीला (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाला) सगळ्यांना दिला जातो! गेन ५ करा, किंवा सप्लाय वाढवा पण मग एडीसीला ५ व्होल्टच्या वर जाणार नाही याची काळजी घ्या, किंवा रेल टू रेल (आउटपुट जवळपास सप्लायच्या टोकापर्यंत नेणारा) ऑपअ‍ॅम्प घ्या.

थोडा वेळ चालतं आणि मग सरकत जातं

नॉन-इन्व्हर्टिंग अ‍ॅम्प्लिफायरला डीसी नको म्हणून इनपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, पिन ३ ला बाकी काही नाही. स्विच ऑन केल्यावर क्षणभर वेव्ह दिसते, मग हळूहळू खाली सरकते आणि गायब. इनपुटमध्ये करंट जात नाही हे पुस्तकातलं गृहीतक, खऱ्या ७४१ ला साधारण ८० नॅनोअँप लागतो आणि तो यायला दुसरी वाटच नाही म्हणून तो त्या कपॅसिटरमधूनच ओढला जातो. ८० नॅनोअँप भागिले ०.१ मायक्रोफॅरड म्हणजे सेकंदाला ०.८ व्होल्ट, गेन १० असेल तर आउटपुट सेकंदाला ८ व्होल्टने सरकणार, दोन सेकंदांत खेळ खलास. पिन ३ पासून ग्राउंडला १०० किलोओहम लावला की प्रश्न मिटला, सिंगल सप्लाय असेल तर तोच रेझिस्टर ग्राउंडऐवजी अर्ध्या सप्लायच्या पॉइंटला जोडायचा.

फीडबॅकमध्ये कपॅसिटर असलेल्या इंटिग्रेटरचं दुखणं त्याचंच भावंड. १० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड घेतले आणि ऑफसेट फक्त २ मिलिव्होल्ट असला तरी आउटपुट सेकंदाला २ व्होल्टने चढतं किंवा उतरतं, इनपुट शून्य असताना. म्हणून कपॅसिटरला समांतर १ मेगाओहम लावतात, मग डीसीला गेन १०० वर अडकतो आणि काही हर्ट्झच्या वर सर्किट नेहमीसारखं इंटिग्रेट करतं. जर्नलमधल्या आकृतीत तो रेझिस्टर बऱ्याचदा नसतो, आणि आकृती बघून जोडणाऱ्याचं काय होणार ते सांगायला नको.

गेनच चुकीचा येतोय

गेन बरोबर दुप्पट आला तर आयसीकडे बघूच नका. फंक्शन जनरेटरचं आउटपुट ५० ओहम लोड धरून सेट असतं, तुमचं सर्किट तेवढा लोड देत नाही म्हणून स्क्रीनवर १ व्होल्ट लिहिलेलं असताना बाहेर २ येतात. दहापट फरक असेल तर प्रोबवरचा स्विच १० एक्सवर आणि स्कोपचं सेटिंग १ एक्सवर असणार किंवा उलट. इनपुट नेहमी स्कोपवरच मोजा, जनरेटरच्या डिस्प्लेवर विसंबू नका. गेन भलताच विचित्र असेल तर रेझिस्टर बाहेर काढून मोजा, १ के आणि १० के मध्ये फक्त लाल आणि नारिंगी पट्टीचा फरक असतो आणि कमी उजेडात ते दोन्ही एकसारखेच दिसतात.

अजून एक, इन्व्हर्टिंग अ‍ॅम्प्लिफायरचा इनपुट रेझिस्टन्स म्हणजे फक्त तो इनपुट रेझिस्टर, ऑपअ‍ॅम्पचा मेगाओहमवाला नाही. १० किलोओहमचा पॉट मधोमध ठेवून त्याच्यापुढे १ के आणि १० के चा अ‍ॅम्प्लिफायर जोडला तर पॉटचे स्वतःचे अडीच किलोओहम त्या १ के मध्ये मिळतात आणि गेन १० च्या जागी २.९ च्या आसपास येतो. मध्ये एक व्होल्टेज फॉलोअर (आउटपुट थेट मायनस इनपुटला जोडलेला ऑपअ‍ॅम्प) टाका.

फ्रिक्वेन्सी वाढवल्यावरच बिघडत असेल तर दोन वेगळी कारणं असू शकतात आणि ती ओळखायला सोपी आहेत. साइन वेव्ह त्रिकोणी होत असेल आणि सिग्नल लहान केल्यावर परत गोल होत असेल तर स्लू रेट (आउटपुट किती वेगाने बदलू शकतं ती मर्यादा), ७४१ चा फक्त ०.५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद, म्हणजे १० व्होल्ट पीकची साइन वेव्ह ८ किलोहर्ट्झच्या वर ती देऊच शकत नाही. आकार साइनच आहे पण उंची कमी होतेय आणि सिग्नल लहान केला तरी गेन तेवढाच कमी, तर बँडविड्थ, ७४१ ला गेन गुणिले बँडविड्थ साधारण १ मेगाहर्ट्झ, त्यामुळे गेन १०० ठेवला की १० किलोहर्ट्झला उतरण सुरू.

आउटपुटची रेघ जाड, केसाळ दिसत असेल किंवा हात जवळ नेला की बदलत असेल तर ते ऑसिलेशन समजा. सप्लाय पिनला चिकटून ०.१ मायक्रोफॅरड लावा, वायरी आखूड करा, आउटपुटला लांब केबल असेल तर मध्ये १०० ओहम टाका. ७४१ याबाबतीत सोशिक आहे, वेगवान ऑपअ‍ॅम्प अजिबात नाहीत. ड्युअल किंवा क्वाड आयसीतला न वापरलेला ऑपअ‍ॅम्प मोकळा सोडू नका, त्याचं आउटपुट मायनस इनपुटला जोडा आणि प्लस इनपुट मधल्या व्होल्टेजला.

एवढं सगळं बघूनही संशय आयसीवरच येत असेल तर ती त्या सर्किटमधून काढा आणि मोकळ्या ब्रेडबोर्डवर तपासा. ७४१ ची २ आणि ६ पिन जोडा, पिन ३ ग्राउंडला, सप्लाय प्लस मायनस १२. पिन ६ वर शून्याच्या आसपास काही मिलिव्होल्ट यायला हवेत. मग पिन ३ ला पॉटवरून २ व्होल्ट द्या, ६ वर २ च आले पाहिजेत, उणे २ दिले तर उणे २. हे जमलं तर ती साध्या कामाला चांगली आहे, परत लावा आणि वायरिंग पुन्हा बघा. नाही जमलं तर मात्र फेकायच्या आधी तिचे पाय वाकवा, नाहीतर कोणीतरी उचलून परत डब्यात टाकेल आणि पुढच्या बॅचच्या नशिबी येईल.