वर्डमधली मांडणी सारखी बिघडते? या चुका टाळा

आपल्या संगणकावर नीटनेटका दिसणारा अर्ज दुसरीकडे उघडला की तारीख खालच्या ओळीत जाते आणि सही पुढच्या पानावर. अशा वेळी संगणकाला बोल लावण्याआधी होम टॅबवरचे उलट्या 'पी'सारखे चिन्ह दाबा. प्रत्येक स्पेस ठिपक्यासारखी आणि प्रत्येक एंटर त्याच उलट्या 'पी'सारखा दिसू लागेल. ठिपक्यांची रांगच रांग दिसली तर चोर सापडला.

स्पेसबार दाबत दाबत तारीख उजवीकडे नेणे ही सर्वांत मोठी चूक. स्पेसची रुंदी फॉन्टवर ठरते, त्यामुळे फॉन्ट बदलला की सगळे सरकते. त्या ओळीला कंट्रोल आर द्या, काम संपले. एकाच ओळीत डावीकडे नाव आणि उजवीकडे तारीख हवी असेल तर दोन रकान्यांचे टेबल घालून त्याच्या रेषा काढून टाका. टॅब स्टॉपनेही हे जमते, पण नवशिक्याला टेबलच सोपे.

एंटरचेही तेच. नवीन पानासाठी वीस वेळा एंटर मारलेत, की वर एक ओळ वाढताच पुढचे सगळे घसरते. त्यासाठी कंट्रोल एंटर आहे. दोन परिच्छेदांतले अंतरही रिकाम्या ओळींनी वाढवू नका; पॅराग्राफच्या सेटिंगमध्ये 'बिफोर' आणि 'आफ्टर' असतात.

शीर्षके हाताने ठळक करत बसणे दोन पानांपुरते चालते. चाळीस पानांच्या प्रकल्पात मात्र 'हेडिंग १', 'हेडिंग २' या स्टाइल्सच लावा. मग स्टाइल एकदा बदलली की सगळी शीर्षके बदलतात आणि त्यांवरून अनुक्रमणिका आपोआप तयार करता येते. नंतर पाने वाढली, तर वर्डमध्ये अनुक्रमणिकेवर क्लिक करून एफ ९ दाबायला विसरू नका. ती स्वतःहून लगेच बदलत नाही.

मराठीत एक वेगळीच गंमत होते. स्टाइलचा फॉन्ट बदलला तरी देवनागरी अक्षरे ढिम्म हलत नाहीत. कारण वर्ड देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' मानतो आणि तिचा फॉन्ट व आकार वेगळा ठेवतो. लिबरऑफिस या वर्डच्या मोफत पर्यायात हाच भाग 'सीटीएल' नावाने सापडेल. बदल फॉन्टच्या सेटिंगमधल्या या भागात करायचा. आणि मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरपद्धतीत, टाइप करा. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधली फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा काला होऊन उघडते.

वेबपानावरून मजकूर उचलला की रंग, लिंका, पार्श्वभूमी सगळे लटांबर सोबत येते. वर्डमध्ये पेस्ट करताना उजवे क्लिक करून 'कीप टेक्स्ट ओन्ली' निवडा.

शेवटी येणारे कोरे पान काही केल्या जात नाही? फाइलच्या शेवटी टेबल असेल तर वर्ड त्याच्याखाली एक रिकामा परिच्छेद ठेवतोच, तो पुसता येत नाही. त्याचा फॉन्ट १ पॉइंट करा आणि बिफोर-आफ्टर शून्यावर आणा. बहुतेक वेळा पान नाहीसे होते.