गरम, तेलकट, आंबट: प्लास्टिक आधी इथून हटवा

बिस्फेनॉल ए आणि थॅलेट्स ही प्लास्टिकमधली रसायनं शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये रोजच्या वापरातल्या ३४ प्लास्टिक वस्तू तपासल्या. त्यांपैकी साधारण एक तृतीयांश वस्तूंच्या अर्काने प्रयोगशाळेत चरबीपेशींची वाढ झाली. माणसांत या रसायनांचा लठ्ठपणाशी संबंध आढळतो, पण तेच कारण आहे हे अजून सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे खाण्यावरचा ताबा आणि चालणं सोडू नका.

सुरुवात पार्सलपासून करा. मऊ प्लास्टिकमधले थॅलेट्स त्याला घट्ट बांधलेले नसतात; उष्णता आणि तेल मिळालं की ते अन्नात उतरतात. उकळतं सांबार किंवा तर्रीदार रस्सा आणायचा तर क्लिपचा स्टीलचा डबा घेऊन जा. पिशवीत आलाच, तर लगेच पातेल्यात ओता. पिशवी गरम पाण्यात ठेवून रस्सा कोमट करणं सगळ्यांत वाईट.

लोणचं, तूप, चिंचेचा कोळ काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत भरा. रवा, डाळी, पोहे प्लास्टिकच्या डब्यात राहिले तरी चालतील, सगळे डबे फेकायची गरज नाही. मायक्रोवेव्हमध्ये मात्र काचच. ‘मायक्रोवेव्ह सेफ’ म्हणजे मुख्यतः भांडं वितळत किंवा वाकत नाही. त्यातून काहीच उतरत नाही, असं नव्हे.

डब्याच्या तळाचा त्रिकोण बघा. ३ म्हणजे पीव्हीसी, ते मऊ करायला थॅलेट्स वापरतात. ७ म्हणजे ‘इतर’, त्यात पॉलिकार्बोनेट हे बिस्फेनॉल ए पासून बनणारं कडक प्लास्टिकही येतं. पाण्याचा वीस लिटरचा जार पॉलिकार्बोनेटचा असेल तर उन्हात ठेवू नका, पाणी माठात किंवा स्टीलच्या पिंपात काढा. चरे पडलेलं, धुरकट झालेलं पॉलिकार्बोनेट अन्नपाण्यासाठी बाद करा.

‘बीपीए फ्री’वर, म्हणजे बिस्फेनॉल ए नसल्याच्या शिक्क्यावर, विसंबू नका. त्यात अनेकदा बिस्फेनॉल एस असतं आणि त्याचंही वागणं तसंच. नवं प्लास्टिक घेण्यापेक्षा त्या पैशांत स्टील घ्या.

घरात कुणी गरोदर असेल तर हे बदल तिच्या ताटापासून करा. प्राण्यांवरच्या प्रयोगांत गर्भावस्थेतल्या संपर्काचे परिणाम पिल्लांच्या वजनावर पुढेही दिसले आहेत.

बिस्फेनॉल ए साधारण दिवसभरात लघवीवाटे निघून जातं, पण रोज नव्याने येत राहतं. म्हणून महिन्यातून एकदा येणाऱ्या पार्सलपेक्षा रोजच्या ऑफिसच्या डब्याकडे आणि पाण्याच्या बाटलीकडे आधी बघा.