पिल्लाच्या ‘चेरी आय’ची शस्त्रक्रिया ठरल्यावर घरच्यांनी काय करावे

चार-सहा महिन्यांच्या पिल्लाच्या डोळ्यात, नाकाकडच्या कोपऱ्यात, एकाएकी लालभडक गाठ दिसू लागते आणि पशुवैद्य ‘चेरी आय’ असे निदान करून शस्त्रक्रिया सुचवतात, तेव्हा घरातल्या माणसांची झोप उडणे स्वाभाविक आहे. बीगल, कॉकर स्पॅनियल, बुलडॉग, शिह त्झू अशा जातींत हा विकार विशेष आढळतो आणि बहुधा वयाची दोन वर्षे पूर्ण होण्याआधीच दिसतो. ‘काही होत नाही, काळजी करू नका’ असे सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असला, तरी त्याने जिवाची घालमेल थांबत नाही. काळजीचा जो भाग प्रश्न विचारून मिटण्यासारखा आहे, तो आधी मिटवावा आणि उरलेला घरात वाटून घ्यावा, हा मार्ग मला अधिक खरा वाटतो.

पहिली भीती दृष्टी जाण्याची असते. ती गाठ म्हणजे बाहेरून आलेले काही नसून कुत्र्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात असणाऱ्या तिसऱ्या पापणीतील अश्रुग्रंथी असते. तिला धरून ठेवणारे तंतू सैल पडल्यामुळे ती जागा सोडून वर येते आणि सुजते. डोळ्याचे बुबुळ सहसा शाबूत असते. त्यामुळे शस्त्रक्रियेची तारीख काही दिवसांनंतरची मिळाली, तर तेवढ्याने पिल्लाची नजर जाईल असे मानून रात्र जागवू नये. मात्र पिल्लू डोळा घट्ट मिटून घेत असेल, पंजाने सारखे चोळत असेल किंवा बुबुळावर निळसर धूसरपणा आला असेल, तर ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

खरी काळजी कुठे खर्च करावी, तर शस्त्रक्रिया कोणत्या पद्धतीची होणार आहे या प्रश्नावर. ग्रंथी कापून टाकणे सोपे आणि स्वस्त असते, म्हणून तो पर्याय अजूनही सुचवला जातो. परंतु डोळ्यातील पाण्याचा साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक याच ग्रंथीतून येतो. ती काढल्यास पुढे, कधी काही वर्षांनी, डोळा कोरडा पडण्याचा आजार जडू शकतो आणि मग जन्मभर औषधाचे थेंब घालावे लागतात. म्हणून ग्रंथी तिसऱ्या पापणीतच खिसा करून पुन्हा जागेवर बसवणारी शस्त्रक्रिया आपण करता का, अशा किती केल्या आहेत आणि गाठ पुन्हा वर आल्यास काय करता, हे तीन प्रश्न स्वच्छ शब्दांत विचारावेत. असे विचारल्याने डॉक्टरांचा अवमान होत नाही. उत्तर समाधानकारक वाटले नाही, तर दुसरे मत घ्यावे. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणीही दाखवता येते. शस्त्रक्रियेपूर्वी खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी मिनिटभर ठेवून डोळ्यात किती पाणी येते ते मोजतात. ही तपासणी आवर्जून करून घ्यावी, कारण पुढे तुलना करायला तो आकडा उपयोगी पडतो.

दुसरी भीती भुलेची. आधी रक्ततपासणी होणार का, श्वासनलिकेत नळी घालणार का आणि भूल चालू असताना नाडी व श्वास यांवर लक्ष ठेवायला वेगळा माणूस असेल का, हे विचारावे. उपाशी किती वेळ ठेवायचे हे मात्र शेजाऱ्यांच्या अनुभवावरून ठरवू नये. अगदी लहान पिल्लाच्या रक्तातील साखर लवकर उतरते, त्यामुळे मोठ्या कुत्र्याप्रमाणे रात्रभर उपास त्याला सोसेलच असे नाही.

मधल्या दिवसांत दवाखान्याशी एकाच व्यक्तीने बोलावे आणि सूचना वहीत लिहून त्या सर्वांना वाचून दाखवाव्यात. चौघांनी चार गोष्टी ऐकल्या की घरातली भीती चौपट होते. लहान मुलांना ‘त्याला फिरायला नेले आहे’ असे सांगू नये. ‘डॉक्टर त्याला झोपवून डोळा नीट करणार आहेत, घरी आल्यावर तो सुस्त असेल’ एवढे खरे सांगितले, तर मुले समजून घेतात आणि मदतही करतात. घरातले उरलेले थेंब पिल्लाच्या डोळ्यात घालू नयेत, कारण त्यांत स्टिरॉइड असले आणि बुबुळावर जखम असली, तर ती चिघळून डोळा धोक्यात येतो. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही देऊ नयेत. पिल्लाने डोळा खाजवू नये म्हणून शस्त्रक्रियेनंतर गळ्याभोवती घालायची शंकूसारखी कॉलर आधीच आणून रोज थोडा वेळ घालावी, घालताना आवडीचा खाऊ द्यावा. ही सवय पिल्लाला लागतेच, शिवाय अस्वस्थ हातांना काम मिळते.

घरी आणल्यावरची पहिली संध्याकाळ सर्वांत कठीण जाते, हे आधीच मनात धरून ठेवावे. भुलेचा अंमल पूर्ण उतरेपर्यंत पिल्लू कण्हते, झोकांड्या खाते, कधी ओळख नसल्यासारखे पाहते आणि कॉलरची कड दाराच्या चौकटीला आपटली की तिथेच गोंधळून उभे राहते. डोळा सुजलेला असतो, गुलाबी पाणी येते. हे पाहवत नाही, तरी एवढे अपेक्षित असते. जमिनीवर अंथरूण घालावे, दिवा मंद ठेवावा, पाण्याचे भांडे थोडे उंच ठेवावे आणि एकाने शेजारी बसावे. पिल्लू हाकेने जागे होत नसेल, हिरड्या पांढुरक्या दिसत असतील किंवा सारखी उलटी होत असेल, तर मात्र लगेच फोन करावा. त्यासाठी रात्रीचा क्रमांक निघतानाच मागून घ्यावा.

कॉलर साधारण दहा ते चौदा दिवस ठेवावी लागते. केविलवाण्या चेहऱ्याकडे पाहून ‘जरा वेळ काढू’ असे घरात कुणीतरी म्हणतेच, पण पंजाच्या एका फटकाऱ्यात टाके सुटू शकतात. सूज दिवसागणिक उतरत आहे की नाही, हे ठरवताना आठवणीवर विसंबू नये. रोज एकाच जागी, एकाच उजेडात डोळ्याचे छायाचित्र घ्यावे आणि फेरतपासणीला ते डॉक्टरांना दाखवावे. पिवळा-हिरवा चिकट स्राव दिसला किंवा पिल्लाने डोळा उघडणे बंद केले, तर टाका बुबुळावर घासत असण्याची शक्यता असते, म्हणून त्याच दिवशी दाखवावे. काही पिल्लांत, विशेषतः बुलडॉगसारख्या जातींत, ग्रंथी पुन्हा वर येते किंवा काही महिन्यांनी दुसऱ्या डोळ्यातही तोच प्रकार होतो. तसे झाल्यास आपल्या शुश्रूषेत काही कमी पडले असे समजू नये. ग्रंथी बहुधा पुन्हा बसवता येते, आणि तिथेही प्रश्न पूर्वीचेच विचारावेत.